शिफ्टमधली वाईट बातमी तुम्हाला कितव्या मिनिटाला कळते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २७, डिप्लोमा झालेला. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात) पाच वर्षं काढली आणि गेल्या महिन्यात मोल्डिंग-पोअरिंगचे सुपरवायझर झालात. हाताखाली २२ माणसं, त्यातली निम्मी तुमच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठी. ज्यांनी तुम्हाला लॅडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं) धरायला शिकवलं ते मामाही आता तुमच्याच शिफ्टला. समोर सगळे 'हो साहेब' म्हणतात आणि पाठ फिरली की आपलंच करतात. घरी तेच, गल्लीतल्या मंडळातही तेच. तर माणसांनी ऐकावं यासाठी काय करू, आणि लीडरशिपचा दोन दिवसांचा कोर्स आहे तो करू का?

मी आधी उद्यमनगरात आणि नंतर शिरोली एमआयडीसीत मिळून ३३ वर्षं फौंड्रीत काढली. त्यातली २१ वर्षं माणसांवर देखरेख करण्यात गेली. पहिली सहा-सात वर्षं मी ते काम वाईट केलं. म्हणून लिहितोय.

तुमच्या प्रश्नात मधेच एक वाक्य येऊन गेलंय. तुम्हाला ते किरकोळ वाटलं असेल, मी तिथंच थांबलो. गेल्या आठवड्यात रात्रपाळीत साच्यांची वाळू ओली झाली, ब्लोहोल (धातूत वायूच्या पोकळ्या) येऊन ४० नग रिजेक्ट झाले, आणि हे तुम्हाला सकाळी क्वालिटीच्या माणसाकडून कळलं. शिफ्टमधल्या सगळ्यांना रात्री अकरालाच माहीत होतं. 'ऐकत नाहीत' ही तुमची तक्रार आहे, पण नुकसान दुसऱ्याच गोष्टीनं झालंय. तुम्हाला कोणी सांगत नाही. ऐकणं नंतर येतं, आणि बऱ्याचदा आपोआप येतं.

माझं सांगतो. २००३च्या आसपासची गोष्ट असेल. आम्ही एसजी आयर्नचं, म्हणजे ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं त्या चिवट बिडाचं, काम नव्यानं घेतलं होतं. तुम्हाला माहीत आहेच, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो. साध्या बिडात पाच मिनिटं इकडे-तिकडे झाली तर तापमान सांभाळलं की भागतं. एसजीत मॅग्नेशियम टाकलं की घड्याळ सुरू होतं. आमच्याकडे दहा मिनिटांची मर्यादा होती. त्यापुढे मॅग्नेशियम कमी होत जातं, ग्राफाइटचे गोळे नीट बनत नाहीत, आणि कास्टिंग वरून देखणं दिसलं तरी ताकदीला कमी पडतं. उशीर झाला की तो धातू साच्यात न ओतता पिगमध्ये, म्हणजे साध्या लादीत, ओतायचा, परत वितळवायचा. नियम भिंतीवर लिहिलेला होता, तोही लाल रंगात.

एका रात्री क्रेन अडकली. लॅडल लटकलेली, धातू तयार. क्रेन सुटेपर्यंत सोळा मिनिटं गेली. पोअररनं, म्हणजे धातू ओतणाऱ्यानं, उरलेले साचे तसेच भरले आणि कुणालाच काही बोलला नाही. तीन आठवड्यांनी ग्राहकाच्या मशीन शॉपमध्ये दोन नग तुटले. सगळा लॉट अडकला. आम्ही चौघं दोन दिवस त्यांच्या गोदामात उकिडवे बसून एकेक कास्टिंग हातोडीनं वाजवत होतो. चांगला नग घंटीसारखा वाजतो, बिघडलेला बद्द. संशय आला की तो बाजूला काढून तपासायला पाठवायचा. आजही कुठं देवळातली घंटा वाजली की मला ते गोदाम आठवतं.

परत आल्यावर मी त्या पोअररला विचारलं, सांगितलं का नाहीस? तो शांतपणे म्हणाला, "साहेब, सांगितलं असतं तर शिव्या पक्क्या हुत्या. न सांगता वाचायचा चानस तरी हुता."

त्याच्या आदल्याच आठवड्यात दुसऱ्या एका पोअररनं नियमाप्रमाणे अख्खी लॅडल पिगला ओतली होती, आणि मी त्याला सगळ्यांदेखत विचारलं होतं, धातू काय तुझ्या बापानं वितळवलाय? म्हणजे नियम पाळणाऱ्याला शिव्या मी दिल्या, आणि ते बाकी वीस जणांनी बघितलं. या पोअररची चूक होती, पण त्याचा हिशेब अगदी बरोबर होता. तो हिशेब मी बसवून दिला होता.

तेव्हापासून मी स्वतःला मोजायचं एक माप ठेवलं. शिफ्टमध्ये काही बिघडलं तर ते मला कितव्या मिनिटाला कळतं, आणि कुणाकडून कळतं? ज्याच्या हातून बिघडलं त्याच्याकडून, शेजारच्या माणसाकडून, की ग्राहकाच्या मेलमधून? लोक किती नमस्कार करतात, किती गप्प बसतात, मीटिंगमध्ये किती माना डोलावतात, यावरून काहीच कळत नाही. कोल्हापुरात माना डोलावणारे ढिगानं मिळतात.

पुढं बऱ्याच वर्षांनी समजलं की यावर अभ्यासही झालाय. एमी एडमंडसन नावाच्या हार्वर्डच्या बाईंनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या वॉर्डांत औषध देताना होणाऱ्या चुका तपासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील अशी त्यांची अटकळ होती, आणि आकडे उलटे आले. चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या. शोधल्यावर उलगडलं की तिथं चुका जास्त होत नव्हत्या, लपवल्या कमी जात होत्या. टोयोटाच्या लाइनवर कामगारानं दोरी ओढून अडचण कळवायची आणि वेळ पडली तर लाइनच थांबवायची जी पद्धत आहे, तीही याच जातीची. आपल्याकडे वाहन कंपन्यांना माल देणाऱ्या बऱ्याच कारखान्यांत अडचण कळवायला बटण दाबून लागणारे तसे दिवे बसवलेत. मी पाहिलेल्या एका ठिकाणी त्या दिव्याच्या बटणावर धुळीचा थर होता. बटण दाबणाऱ्याला पहिल्यांदा काय ऐकावं लागलं असेल, ते विचारायची गरज पडली नाही.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मोकळेपणानं सांगतो. तुमचा मालक कसा आहे मला माहीत नाही. तो रोज भट्टीवर येऊन तुमच्यादेखत तुमच्याच माणसांवर ओरडत असेल तर पुढचं निम्मं तुम्हाला अवघड जाईल. माणसं कायम आहेत की कंत्राटी, यानंही फरक पडतो. कंत्राटी माणसाची रोजची मजुरी दुसऱ्याच्या हातात असते. तो तुम्हाला खरं सांगेल, पण आधी ठेकेदाराकडे बघेल. बिहार-ओडिशाची मुलं असतील तर तुमची हिंदी सुधारा, त्यांच्या मराठीची वाट बघू नका. आणि सुट्टी, ओव्हरटाइम यांवर तुमची सही चालते का? चालत नसेल तर जे तुमच्या हातात नाही त्याचा शब्द देऊ नका.

मामांचं आधी बघा, कारण बाकीचे एकवीस जण त्यांच्याकडे बघून ठरवतायत. तुम्ही त्यांना आता सगळ्यांसमोर नावानं हाक मारता, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. 'आता मी साहेब आहे हे कळायला नको का?' असं तुम्ही लिहिलंय. ते त्यांना कळलंय. तुमच्या आधी कळलंय. मामाच म्हणा. आणि एक दिवस शिफ्टच्या वीस मिनिटं आधी जाऊन, बाकी कुणी नसताना, त्यांना एक खरा प्रश्न विचारा. 'कसं चाललंय' असला नको. वाळूचाच विचारा. रात्री मॉइश्चर वाढतं ते मीटरवर दिसायच्या आधी तुम्हाला हाताला कसं कळतं? तालमीत म्हणतात ना, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. मामांकडे तसले दहा डाव आहेत आणि तुमच्या डिप्लोम्यात त्यातला एकही नाही.

मात्र विचारलं म्हणून निर्णय त्यांच्यावर सोडून मोकळं व्हायचं नाही. इथं नवे सुपरवायझर दुसऱ्या टोकाला जातात. 'मामा म्हणतील तसं' असं दोनदा म्हणालात की तिसऱ्यांदा तुम्हाला कोणी विचारणार नाही. ऐकून घ्या, ठरवा, आणि त्यांच्या म्हणण्याविरुद्ध ठरवलं असेल तर कारण त्यांनाच आधी सांगा, इतरांच्या तोंडून त्यांना कळू देऊ नका. म्हाताऱ्या माणसाला विरोध चालतो, परस्पर झालेलं चालत नाही.

दुसरं, शिफ्ट बदलतानाची पंधरा मिनिटं. बहुतेक ठिकाणी हा वेळ रजिस्टरवर सही करण्यात जातो. मी सँड मिक्सरपाशी उभा राहून दोन्ही शिफ्टच्या दोन-दोन माणसांना घ्यायचो आणि एकच प्रश्न विचारायचो, 'काल काय अडलं?' आधी मी 'सगळं ठीक ना?' असं विचारायचो. त्याला एकच उत्तर असतं. 'काय अडलं' म्हटलं की काहीतरी अडलेलं असणारच, हे तुम्ही धरून चाललाय हे समोरच्याला कळतं, आणि सांगणारा चुगलखोर ठरत नाही. सुरुवातीचे दहा-बारा दिवस कोणी काही बोलणार नाही. मग कोणीतरी अगदी फालतू गोष्ट सांगेल. आमच्याकडे पहिली तक्रार आली ती पिण्याच्या पाण्याचा माठ भट्टीच्या बाजूला ठेवल्याची. पाणी कोमट व्हायचं.

ती फालतू गोष्ट म्हणजे तुमची परीक्षा असते. मी माठ त्याच दिवशी हलवला. पाच मिनिटांचं काम. पण दोन वर्षं कोणी केलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करायच्या विभागातल्या) एकानं सांगितलं की ग्राइंडरचा गार्ड महिनाभर सुटलेला आहे. महिनाभर! माठाच्या आधी हे मला कुणी सांगितलं नसतं. खिशात एक छोटी वही ठेवा. कुणी काय सांगितलं, कधीपर्यंत करतो म्हणालात, झालं की नाही. होणार नसेल तर तेही जाऊन सांगा, 'मालक नाही म्हणाले' एवढं जरी. माणसाला नकार पचतो. विसरलेलं पचत नाही.

कोल्हापुरात पुढारीपणावर लिहायचं आणि शाहू महाराजांचं नाव काढायचं नाही, हे जमणार नाही. पण मला त्यांची आरक्षणाची १९०२ची आज्ञा आठवत नाही, ते सगळेच सांगतात. मला गंगाराम कांबळेंचा चहा आठवतो. पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेला हा दलित नोकर. महाराजांनी त्यांना स्वतःच्या पायावर उभं राहायला मदत केली, त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. तिथं चहा प्यायला कोण जाणार? महाराज स्वतः गाडी थांबवून तो चहा प्यायचे. भाषणही झालंच असतं, पण त्या रस्त्यावरनं जाणाऱ्याला कपबशी दिसली. तुमच्या शिफ्टला तुमचा माठ दिसतो, तसंच.

तिसरी गोष्ट म्हणजे पहिल्या वाईट बातमीनंतरची दहा सेकंदं. तुमचं नाव त्या दहा सेकंदांत ठरतं, कारण तेव्हा सगळे तुमच्या तोंडाकडे बघत असतात. मला राग यायचा, आजही येतो. मी स्वतःला एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं, 'बरं झालं सांगितलंस, आता काय करायचं?' मनात काहीही असलं तरी तोंडातून हेच. 'कुणी केलं?' हा प्रश्न लागतोच, पण तो धातू जागेवर गेल्यावर, दार लावून. क्रमच उलटा झाला की सगळं बिघडतं. 'कुणी' आधी विचारलं की सगळी शिफ्ट वकील होते.

व्हॉट्सॲप ग्रुपवर झापणं बंद करा. तुम्ही रिजेक्शनचा फोटो टाकून खाली तीन प्रश्नचिन्हं देता, असं लिहिलंय. तो फोटो माणसाच्या घरी त्याची पोरंही बघतात.

आता याचा कोणी 'गोड बोला, सांभाळून घ्या' असा अर्थ काढेल, म्हणून सांगतो. दोन ठिकाणी मी कधी ऐकून घेतलं नाही. कोणी पिऊन आला तर त्याच मिनिटाला घरी, आणि सेफ्टी शूज नसतील तर भट्टीजवळ पाऊल नाही. १४०० अंशांचा धातू अंगावर आला की चर्चेला वेळ मिळत नाही. ओल्या लॅडलमध्ये धातू पडला की कसा स्फोट होतो हे ज्यानं बघितलंय तो मत विचारत बसत नाही, 'मागं सरा' म्हणून ओरडतो, आणि ओरडायलाच पाहिजे. चूक आणि मुजोरी यांत फरक करायला शिका. चूक सांगणाऱ्याला मी कधी पगार कापून शिक्षा केली नाही. लपवणाऱ्याला केली, आणि त्याला ती का केली हे सगळ्या शिफ्टला समजेल असं बघितलं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, मामांना मामा म्हणा पण निर्णय तुमचा ठेवा, शिफ्ट बदलताना 'काय अडलं' विचारा, सांगितलेली बारकी गोष्ट लगेच करा, आणि वाईट बातमीला तोंड सांभाळा. वरच्यांकडे मात्र ती चूक तुमच्या नावावर घेऊन जा. 'माझ्या शिफ्टला झालं' म्हणा. 'अमक्यानं केलं' म्हणालात की ते वाक्य अर्ध्या तासात भट्टीपर्यंत पोचतं. कसं पोचतं देव जाणे, पण पोचतं.

घराबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, मीही फार लांबवत नाही. माझी मुलगी इंजिनिअरिंगला होती. तिसऱ्या सेमिस्टरला दोन विषय राहिले. बायकोला माहीत होतं, आईला माहीत होतं, समोरच्या वहिनींनाही माहीत होतं. मला चार महिन्यांनी कळलं, तेही फी भरताना. कारखान्यात मी तोवर शहाणा झालो होतो, लोक मला येऊन सांगायचे. घरी मात्र जुनाच साहेब होतो. चप्पल काढताना पहिला प्रश्न 'अभ्यास झाला का?' त्यालाही एकच उत्तर असतं. हे सुधारायला मला फौंड्रीपेक्षा जास्त वेळ लागला, कारण घरात शिफ्ट संपत नाही.

मंडळाचं म्हणाल तर तुम्हाला अध्यक्ष व्हायचंय का, ते आधी ठरवा. अध्यक्ष होणं वेगळं. २०१९च्या ऑगस्टचा महापूर तुम्हाला आठवत असेल. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही पंचगंगेची धोक्याची पातळी, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. हायवे शिरोलीपाशी बंद, मी कारखान्यात जाऊच शकत नव्हतो. आमच्या शाहूपुरीतल्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा मंडळाची पोरं दोऱ्या, ट्यूब, स्पीकर सगळं घेऊन तयार होती. पोरं चांगली, अंगात रग, पण कुठल्या घरात आधी जायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. ते सांगितलं आमच्या गल्लीत पिठाची गिरणी चालवणाऱ्या मावशींनी. त्या पायरीवर उभ्या राहून सांगत होत्या, मागच्या जोत्यावर आजोबा अंथरुणाला खिळलेत, त्यांना आधी. तिसऱ्या घरातल्या बाईंचं इन्सुलिन गार राहील असं ठेवा. कोपऱ्यावरची सून आठव्या महिन्यात आहे, तिला ट्यूबवर नको, नाव येऊ दे. चाळीस पोरं गुमान ऐकत होती. मावशींकडे ना पद, ना बिल्ला.

मी तेव्हा फक्त बघत होतो आणि चकित झालो होतो. नंतर लक्षात आलं की बायका दळण टाकून गिरणीत वीस मिनिटं उभ्या असतात आणि बोलतात. मावशी ऐकतात आणि एकीचं दुसरीला सांगत नाहीत. गल्लीतली प्रत्येक अडचण त्यांच्याकडे पंधरा वर्षं आपल्या पायानं चालत येत होती. पूर आला त्या दिवशी त्यांना काही नवीन करावं लागलं नाही. माझं मिनिटांचं माप त्यांना लावायला गेलो तर त्या माझ्या कितीतरी पुढं होत्या.

राहिला तुमचा कोर्स. वाईट नसतात हे कोर्स. मालक पैसे भरत असेल तर जरूर जा, दोन दिवस भट्टीपासून लांब बसून विचार करायला मिळतो आणि इतर कारखान्यांतल्या चार जणांशी ओळख होते. स्वतःच्या खिशातून भरणार असाल तर मी म्हणेन थोडं थांबा. आधी महिनाभर ती खिशातली वही भरा. मग तिथं गेलात तर तुमच्याकडे विचारायला खरे प्रश्न असतील. आणि एक चौकशी आजच टाइम ऑफिसमध्ये करून ठेवा, मामांच्या रिटायरमेंटला किती महिने राहिलेत. कोर्सची पुढची बॅच निघेल. वाळूचं मॉइश्चर हाताला कसं कळतं ते तुम्हाला मामा रिटायर व्हायच्या आत शिकून घ्यायचंय.